आरओला बूस्टर पंप: गेज न लावता पंप बसवावा का?

निर्मळवाट
आरओचं पाणी कमी येतंय म्हटलं की लगेच बूस्टर पंपाचा, म्हणजे मेंब्रेनला जाणाऱ्या पाण्याचा दाब वाढवणाऱ्या पंपाचा, सल्ला मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: गेजवर आकडा बघितल्याशिवाय पंप घेऊ नये. कार्बन फिल्टर आणि मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) यांच्या मधल्या पाव इंची पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ० ते १०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) गेज बसवा. यंत्र चालू असतानाचंच प्रेशर धरा. पाणी थांबलेलं असताना काटा वर चढलेला असतो, त्या आकड्याला अर्थ नाही.

येणाऱ्या पाइपवर ५५ आणि कार्बननंतर ३० दिसत असेल तर गाळणी तुंबली आहे. सेडिमेंट (गाळ अडवणारी) आणि कार्बन गाळणी बदला. साठवणीची प्रेशर टाकी रिकामी करून हवेचं प्रेशर ७-८ पीएसआय आहे का, तेही तपासा. हवा उतरलेली टाकी भरलेली असूनही पेलाभर पाणी देऊन थांबते, आणि खापर फुटतं नळाच्या प्रेशरवर. मेंब्रेनपाशी चालू प्रेशर ५० आणि पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅम) ५०० च्या आत असेल तर पंप म्हणजे फुकटचा आवाज आणि गळतीच्या आणखी दोन जागा.

खाराजल
असहमत. ५० पीएसआय ही चाचणीची स्थिती आहे. ७५ जीपीडी (गॅलन प्रति दिवस) मेंब्रेनची क्षमता, म्हणजे २४ तासांत २८४ लिटर, साधारणपणे ५० पीएसआय, २५ अंश तापमान आणि २५० च्या आसपास टीडीएसवर मोजतात, तीही समोर टाकीचा उलटा दाब नसताना. घरात ही स्थिती क्वचितच मिळते.

दर १०० टीडीएसमागे अंदाजे १ पीएसआय ऑस्मॉटिक दाबातच (क्षारांमुळे पाण्याला होणाऱ्या विरोधातच) जातो. टीडीएस १५०० असेल तर १५ गेले, आणि मेंब्रेनच्या शेवटच्या भागात क्षार दाटतात तिथे त्याहून जास्त. पाणी २५ अंशांवरून १५ वर आलं की उत्पादन पाव ते तीस टक्के घटतं. वर टाकी भरत आली की तिचे २०-२५ पीएसआय उलटे लागतात. ५० मधून हे सगळं वजा करा आणि काय उरतं ते बघा.

शिवाय मुद्दा वेगाचाच नाही. पाणी दाबाच्या जोरावर मेंब्रेनमधून जातं, क्षार मात्र दोन बाजूंच्या प्रमाणातल्या फरकामुळे झिरपतात. दाब घटला की पाणी कमी येतं, क्षार जवळपास तेवढेच येतात, म्हणून पेल्यातला टीडीएस वाढतो. पंप ही शुद्धतेचीही गरज आहे.

निर्मळवाट
टीडीएस १५०० असेल तर पंप हवाच, त्यावर वाद नाही. माझा आक्षेप ३०० टीडीएसच्या पाण्याला डोळे झाकून पंप लावण्यावर आहे.

पाना-पक्कड
पंप लावावा की नाही यापेक्षा तो कसा जोडला जातो यावर जास्त बोलायला हवं. निम्म्या तक्रारी जोडणीच्या असतात.

क्रम असा: सेडिमेंट, कार्बन, लो प्रेशर स्विच, सोलेनॉइड (विजेवर पाणी उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह), पंप, मेंब्रेन. लो प्रेशर स्विच नसेल तर नळाला पाणी नसताना पंप कोरडा फिरतो आणि डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) जातो. सोलेनॉइड वगळला तर त्याहून वाईट: पंप बंद केला म्हणजे पाणी बंद झालं असं नसतं. नळाच्या प्रेशरवर पाणी पंपाच्या व्हॉल्व्हमधून सरळ पुढे जातं आणि ड्रेनला (वाया जाणाऱ्या पाण्याच्या पाइपला) रात्रभर धार लागते.

प्रेशर टाकी असेल तर शुद्ध पाण्याच्या लाइनवर हाय प्रेशर स्विच (टाकी भरली की पंप थांबवणारा), आणि त्याच्या आधी मेंब्रेनमधून शुद्ध पाणी निघतं त्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह (पाणी मागे न येऊ देणारा). चेक व्हॉल्व्ह गळका असला की टाकीचा दाब मागे उतरतो आणि कोणी नळ उघडलेला नसताना पंप दर काही मिनिटांनी टक करून चालू होतो. ही खूण पक्की. लोक मात्र पंपाला वीज देणारा अडॅप्टर बदलत बसतात.

खाराजल
अगदी बरोबर. पंपाची क्षमताही मेंब्रेनशी जुळली पाहिजे. १०० जीपीडी मेंब्रेनला ७५ चा पंप लावला तर दाब चढतच नाही.

थेंबमोजणी
वाया जाणाऱ्या पाण्याचं काय? पंप लावला की पाणी वाचतं, असं ठोकून दिलं जातं. एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर, ड्रेनचा प्रवाह आवळणारा भाग) तोच ठेवून दाब वाढवला तर ड्रेनचा प्रवाहही वाढतो. शुद्ध आणि ड्रेन, दोन्ही पाइप मापात धरून एक-एक मिनिट मोजा. ७५ जीपीडीला पूर्ण दाबावर शुद्ध पाणी साधारण २०० मिली येतं. ड्रेन ३०० असेल तर पाचातले दोन भाग हाती लागतात. पाणी वाचवायला ३०० च्या खाली जायचा मोह होतो, पण कठीण पाण्यात मग मेंब्रेनवर क्षारांचा थर बसतो. तिथे ४५० चा एफआर बरा.

निर्मळवाट
म्हणूनच मऊ पाणी आणि ५० चं प्रेशर असताना अडचण फक्त टाकीच्या उलट्या दाबाची असेल, तर विजेशिवाय चालणारा परमिएट पंप लावा. ड्रेनच्या पाण्याच्याच जोरावर तो शुद्ध पाणी टाकीत ढकलतो.

खाराजल
पण तो मेंब्रेनमध्ये येणाऱ्या पाण्याचं प्रेशर वाढवत नाही. नळाला ३० असेल तर मेंब्रेनला ३० च मिळणार. तिथे बूस्टरला पर्याय नाही.