आरसीवरचे साल आणि गाडीचे मॉडेल साल : जुनी केमन-बॉक्सस्टर घेताना आधी काय पाहावे?

गोदातीर

‘जुनी स्पोर्ट्‌सकार घेताना साल पाहत बसू नये, सर्व्हिस बुक पूर्ण आणि किलोमीटर कमी असले की निर्धास्त घ्यावी,’ असा सल्ला काल या मंचावर पोर्शची जुनी केमन शोधणाऱ्या एका नव्या सदस्याला मिळाला आणि त्यावर चौघांनी मान डोलावली. मला मात्र तो वाचून स्वस्थ बसवेना. सिटी किंवा स्विफ्ट घेताना हा सल्ला चालून जाईल. 987 पिढीच्या केमन-बॉक्सस्टरच्या बाबतीत तो माणसाला खड्ड्यात घालणारा आहे, कारण या पिढीच्या मधोमध, 2009 च्या मॉडेलपासून, पोर्शने इंजिनच बदलले आणि बाहेरून गाडी जवळजवळ तशीच ठेवली.

आधीच्या गाड्यांत एम-97 हे इंजिन आहे, अगदी सुरुवातीच्या बॉक्सस्टरांत एम-96. आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग, 2006 पासून मोठे झाले हे खरे, पण तेच मोठे बेअरिंग क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, न उघडता बाहेर काढता येत नाही. शिवाय 3.4 लिटरमध्ये बोअर स्कोअरिंगची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडण्याची, टांगती तलवार आहे, तीही विशेषतः दुसऱ्या बँकेत, म्हणजे सिलिंडरांच्या दुसऱ्या रांगेत. 2009 च्या मॉडेलपासून आलेल्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच नाही, टिपट्रॉनिक या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जागी पीडीके हा दोन क्लचचा ऑटोमॅटिक आहे आणि केमन एस 295 वरून 320 अश्वशक्तीवर गेली आहे. वेळच्या वेळी ऑइल बदलणारा मालकही जुन्या इंजिनाची रचना बदलू शकत नाही. सर्व्हिस बुकातले शिक्के तिथे निरुपयोगी आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे ‘2009 ची गाडी’ म्हणजे 2009 मध्ये नोंदवलेली गाडी असे समजतात. आयात झालेली गाडी शोरूममध्ये कित्येक महिने पडून राहते. मुंबईतल्या एका दलालाने मला अशीच ‘2009 ची’ केमन दाखवली होती. आरसीवर नोंदणी मार्च 2009 ची होती, पण उत्पादन 2008 चे होते, मागचे दिवे एलईडी नव्हते, गिअर लिव्हरपाशी टिपट्रॉनिक लिहिलेले होते आणि चासी क्रमांकात दहाव्या जागी 8 होता. तो भाव मात्र 2009 च्या इंजिनाचा सांगत होता. दहाव्या जागी 9 असेल तर मॉडेल 2009 चे, ए असेल तर 2010 चे. नव्या सदस्यांना माझी विनंती आहे की गाडी पाहायला जाण्याआधी चासी क्रमांक मागवा, आणि तो देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडे जाऊच नका.

सातपूरकर

तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे.

गोदातीर साहेब, माझे आयुष्य सातपूर-अंबडच्या मशीन शॉपमध्ये सिलिंडर होनिंग करण्यात, म्हणजे ते आतून घासून नेमके करण्यात, गेले आहे, तेव्हा बोअर मला नवीन नाही. आयएमएसबद्दल अमेरिकेत जो सामूहिक दावा झाला, तो 2001 ते 2005 च्या मॉडेलांपुरता होता. 2006 नंतरचे मोठे बेअरिंग क्वचितच जाते, आणि त्याचे बाहेरचे ग्रीस सील काढले की त्याला इंजिनातले ऑइल मिळत राहते. बोअर स्कोअरिंगचे म्हणाल तर त्याच्या बहुतेक तक्रारी कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांतून येतात. तुम्ही परदेशातील भीती जशीच्या तशी उचलून नाशिकला आणली आहे.

या गाड्यांतली सर्वांत नवी 987 सुद्धा आता दशकभराहून अधिक जुनी आहे. एवढ्या वयाला कारखान्याने काय बसवले यापेक्षा मालकाने काय केले हे मोठे ठरते. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात 2010 ची बॉक्सस्टर उभी होती. मालकाचा सगळा अभिमान त्या सालात होता. मी पुढचा बंपर उतरवला तेव्हा दोन्ही रेडिएटरांपुढे कडुलिंबाचा पाला कुजून त्याचा काळा थर झाला होता, एसीचे कंडेन्सर बोट लावताच भुगा होऊन खाली पडत होते, मागच्या डिकीतल्या कूलंटच्या टाकीला तडा होता आणि टायरवरचे चार आकडे 1611 होते, म्हणजे 2011 च्या सोळाव्या आठवड्यातले. नवे इंजिन होते, आयएमएसची भानगड नव्हती, आणि तरीही ती गाडी घेणाऱ्याचे कंबरडे मोडले असते. त्याच सुमारास मी 2007 ची 2.7 लिटरची पाहिली. तिचा मालक प्रत्येक वेळी जुना ऑइल फिल्टर कापून, त्याची घडी उलगडून त्यात धातूचा कण आहे का ते पाहत असे. मी डोळे मिटून दुसरी घेईन.

आणि तुमच्या नव्या ‘एस’ मध्ये डायरेक्ट इंजेक्शन आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो. हे तुम्ही का लिहिले नाही?

गोदातीर

लिहिले नाही, कारण दोन्ही दुखणी एका तागडीत घालण्यासारखी नाहीत. कार्बन साफ करता येतो, त्यासाठी इनटेक उतरवावा लागतो आणि दोन दिवस जातात. ओरखडलेल्या बोअरला नवे लायनर घालावे लागतात किंवा इंजिनच बदलावे लागते, आणि त्यात गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. तुम्ही सांगितलेला पाला, कंडेन्सर, टाकी, टायर हे सारे खर्चाचे असले तरी डोळ्यांना दिसणारे आहे आणि त्यावरून भाव पाडता येतो. जे दिसत नाही त्याला मी भितो. तुमची 2.7 उत्तम असेल, परंतु त्या मालकासारखा माणूस किती जणांना भेटणार?

कार्बनचा मुद्दा मान्य करायचाच तर त्यातून निष्कर्ष माझ्याच बाजूचा निघतो. 2009 च्या मॉडेलपासूनच्या 2.9 लिटरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टही नाही आणि डायरेक्ट इंजेक्शनही नाही. केमनमधली त्याची 265 अश्वशक्ती कसाऱ्याच्या घाटाला पुरून उरते. म्हणजे सालही महत्त्वाचे आणि त्या सालातले इंजिनही महत्त्वाचे.

निफाडकर

सातपूरकर दादा, ‘परदेशातील भीती नाशिकला आणली’ हे वाक्य डिसेंबरात निफाडला येऊन म्हणून दाखवा. इथे पारा 5 अंशांखाली उतरतो आणि आम्ही द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतो. पहाटे गाडी सुरू करून ताबडतोब रेस करणारे आमच्याकडेही आहेत.

सातपूरकर

निफाडची थंडी मान्य. कॅनडाची ती नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

घाटवाट

तुम्ही दोघे 987 मध्ये अडकलात. बजेट थोडे ताणून 2013 पासूनची 981, म्हणजे पुढच्या पिढीची, केमन घ्यावी, म्हणजे हे सगळे वाद मिटतात. तिचे स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्यामुळे रस्ता हातात कमी येतो, अशी जुन्या लोकांची तक्रार आहे. कसारा घाटात ती मलाही जाणवते, पण समृद्धीवर वेगमर्यादेत इगतपुरीहून मुंबईकडे जाताना तीच गाडी अधिक निवांत वाटते. 2016 पासूनच्या बहुतेक 718 मध्ये, म्हणजे त्यानंतरच्या पिढीत, चार सिलिंडरचे टर्बो आले, आणि ज्याला फ्लॅट सिक्सच्या, म्हणजे आडव्या सहा सिलिंडरच्या, आवाजासाठी गाडी घ्यायची आहे त्याने त्याआधीच थांबावे. म्हणजे साल पाहायचेच आहे, फक्त तुमचे साल चुकले आहे.

गंगापूररोड

साल, बेअरिंग, बोअर यांवर इतके लिहून झाले आणि पेट्रोलचा विषय कोणी काढलाच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. या पिढीच्या गाड्यांना कंपनीची मान्यता 10 टक्के इथेनॉलपर्यंतची आहे. आज आपल्या पंपावर 20 टक्के मिळते. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-20 साठी तयार आहेत. त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांनी काय करायचे, हे कोणी सांगत नाही. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि आपल्या गाड्या जून ते सप्टेंबर झाकून उभ्या असतात. माझ्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या फुगून जोडापाशी पाझरू लागल्या, तेव्हा गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास कोंडला होता. घरात लहान मुले आहेत. मायलेज कमी झाले ते वेगळेच. त्यामुळे माझ्या मते आज 2005 ची घ्या, 2009 ची घ्या किंवा 2013 ची, सगळी एकाच नावेत आहेत आणि हा धागाच निरर्थक आहे.

निफाडकर

इथेनॉल म्हटले की शहरातल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. येवला-मालेगाव पट्ट्यातल्या मक्याला इथेनॉलमुळे गिऱ्हाईक मिळाले. कांद्याची निर्यात कधी बंद होईल आणि अवकाळी कधी बाग झोपवील याची शाश्वती नसलेल्या माणसाला एका पिकाचा आधार झाला, तो तुमच्या आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या नळीसाठी काढून घ्यायचा का? माझ्याकडेही जुनी गाडी आहे. मी नळ्या बदलल्या आणि विषय संपवला.

गंगापूररोड

साहेब, मी शेतकऱ्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेले नाही, आणि ते माझ्या तोंडी घालू नका. माझे आजोळ चांदवडचे आहे. कांद्याचा भाव कोसळल्यावर घरात काय होते ते मला शिकवण्याची गरज नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे तेवढ्याच पैशांत मला कमी ऊर्जा मिळते. पंपावर जुन्या गाड्यांसाठी साध्या पेट्रोलचा एक नळ ठेवा, एवढीच मागणी आहे. त्यात मक्याचे काय नुकसान होते?

निफाडकर

दोन प्रकारचे पेट्रोल ठेवायला दोन टाक्या लागतात आणि त्याचा खर्च पुन्हा सगळ्यांवर पडतो. तरी पण मागणी रास्त आहे, असे नाइलाजाने म्हणतो. मात्र ‘शेतकऱ्यामुळे माझी गाडी बिघडली’ असा सूर पुन्हा दिसला तर मी गप्प बसणार नाही.

गोदातीर

तो सूर कोणाचाच नव्हता. आता कृपया गाडीकडे परत या. इंधनाच्या नळ्या प्रत्येक सालाच्या गाडीत बदलता येतात. म्हणून गंगापूररोड यांचा मुद्दा खरा असूनही त्याने सालांमधला फरक पुसला जात नाही.

कागदपत्र

मी एमएच-15 ची, म्हणजे नाशिक आरटीओची, कामे करतो, म्हणून एका बाजूची भर घालतो. इंजिनाच्या दृष्टीने मॉडेल साल महत्त्वाचे असेल, पण परिवहन कार्यालयाचे घड्याळ पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून चालते. 15 वर्षे झाली की फॉर्म 25 भरून, गाडी तपासणीला नेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. आयात चारचाकीसाठी एप्रिल 2022 पासून ते शुल्क 40,000 रुपये आहे. 20 वर्षांपुढील गाडीला 2025 च्या सुधारणेनंतर 80,000 रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. सातपूरकरांची लाडकी 2007 ची गाडी 2027 मध्ये दुसऱ्या गटात जाते. हा खर्च कोणी भावात धरताना मला दिसत नाही.

दुसरे म्हणजे दिल्लीच्या गाड्या. तिथे 15 वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या स्वस्तात इकडे येतात. गाडी चांगली असते, पण तिथल्या आरटीओच्या एनओसीशिवाय (ना हरकत प्रमाणपत्राशिवाय) ती नाशिकच्या अंगणात उभी असलेली शोभेची वस्तू आहे. एनओसीचा मूळ फॉर्म 28, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर आरसीवरील मालकाचीच सही, आणि त्यावर महाराष्ट्राचा कर. आयात गाडीचा दर इथे 20 टक्के आहे. जुन्या गाडीला तो वयानुसार कमी होतो, तरीही कार्यालयात आकडा काढून घेतल्याशिवाय सौदा करू नये.

नवा सदस्य

ज्याच्यासाठी हा वाद झाला तो मीच. सर्वांचे वाचून चासी क्रमांक मागवला. दहाव्या जागी 9 आहे, इंजिन 2.9, पीडीके, मागचे दिवे एलईडी. गाडी दिल्लीची आहे, पहिली नोंदणी ऑगस्ट 2009. सर्व्हिस बुकात 2018 नंतर एकही नोंद नाही. मालक म्हणतात की एनओसी ‘मिळून जाईल’, आधी टोकन द्या.

गोदातीर

साल आणि इंजिन दोन्ही बरोबर आहेत. मी या गाडीसाठी दिल्लीला जाईन.

सातपूरकर

2018 नंतर नोंद नाही म्हणजे ऑइल आणि पीडीकेचे तेल कोणी पाहिले आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, आणि गोदातीर साहेब अजूनही सालावर खूश आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना तुमच्या देखत सुरू करायला लावा. त्यांनी आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ऑइल फिल्टर काढून कापून पाहा. पुढच्या रेडिएटरच्या जाळीत टॉर्च मारा. डिकीतली कूलंटची टाकी खालून चाचपा. यात काही आढळले नाही तर हे साल चांगले आहे, असे मीही म्हणेन.

कागदपत्र

हे सगळे नंतर. दिल्लीची नोंदणी 2024 मध्येच संपली आहे, आणि मुदत संपलेल्या गाडीला एनओसी देण्याचे नियम तिथे वेळोवेळी बदलले आहेत. एनओसी तुमच्या हातात पडल्यावर आणि तिच्यावर नाशिकचे नाव वाचल्यावरच टोकन द्या. मालक तयार नसेल तर विमानाचे तिकीटही काढू नका.

नवा सदस्य

मालकांना तसे कळवले. ते म्हणाले, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. मी त्यांना गाडी खुशाल विकावी असे सांगितले. पुण्यात 2010 ची एक 2.9 आहे, एमएच-12, नूतनीकरण झालेले. तिचा चासी क्रमांक मागवला आहे. सातपूरकर काका, ती पाहायला तुम्ही बरोबर याल का?

सातपूरकर

येतो. फिल्टर कापायचे कटर मी घेतो. गोदातीर साहेबांनाही घेऊन चला, दहावा आकडा ते वाचतील.

गोदातीर

येतो. पण बंपर उतरवायच्या आधी क्रमांक मी पाहणार.