ब्रौवरने स्वतःचाच थिअरम नाकारला म्हणजे नेमकं काय केलं?

दुपारचा_चहा
एमएस्सीला आहे, टोपोलॉजीत (आकार न फाडता ताणण्या-वाकवण्याचं गणित) आत्ताच डच गणितज्ञ ब्रौवरचा फिक्स्ड पॉइंट थिअरम झाला: थाळीतले बिंदू कुठेही न फाडता थाळीतच कसेही हलवले तरी एक तरी बिंदू जागेवरच राहतो. सरांनी होमोटॉपीने (लूप न तोडता सरकवत आवळून बघायचा) करून दाखवला, म्हणजे थाळीतला एकही बिंदू जागेवर राहत नाही असं धरायचं, मग एक्स जिथे जातो त्या एफ(एक्स)पासून एक्समधून किरण काढून तो काठाला कुठे टेकतो ते बघायचं, की अख्खी थाळी कुठेही न फाटता काठावर जाऊन बसते, आणि ते तर शक्यच नाही, कारण काठाभोवतीचा लूप थाळीत आवळता येतो, नुसत्या काठावर येत नाही. जाम आवडलं. जाता जाता सर म्हणाले की ब्रौवरने पुढे हा थिअरम मानलाच नाही, आणि तेवढ्यात तास संपला. आता मला झोप येत नाहीये. थिअरम चुकीचा तर नाही ना??

रिकामटेकडा
तरुणपणी नाव कमावलं, म्हातारपणी तत्त्वज्ञान सुचलं. आपल्याकडे काय कमी आहेत असे :)

सरळरेषा
रिका, क्रम उलटा आहे रे. त्याचा गणिताच्या पाया-बियाचा प्रबंध १९०७ चा, आणि तर्कशास्त्राचे नियम डोळे झाकून वापरू नका हा लेख १९०८ चा. टोपोलॉजीचा धडाका त्यानंतर, साधारण १९०९ ते १३, त्यातच १९१२ ला ॲमस्टरडॅमला प्रोफेसर झाला. आणि १९१८ पासून पुन्हा मूळ विचारावर, स्वतःच्या पद्धतीने ॲनालिसिस (कॅलक्युलसमागचं गणित) उभारायला घेतलं.

चहा, तुझ्या प्रश्नाचं. एका मितीत हा थिअरम म्हणजे आपला इंटरमिजिएट व्हॅल्यू थिअरमच (सलग रेघ शून्याच्या खालून वर गेली की मध्ये कुठेतरी शून्याला लागतेच), तर तोच घेऊ. ३ किलोमीटरचा घाटरस्ता समज. सुरुवात समुद्रसपाटीच्या १ मीटर खाली, शेवट १ मीटर वर. पहिल्या किलोमीटरला चढ, मधला अगदी सपाट, तिसऱ्याला परत चढ. सपाट भागाची उंची अ. अ जरा वर असेल तर समुद्रसपाटी पहिल्या किलोमीटरातच लागते, जरा खाली असेल तर थेट तिसऱ्यात.

आता अ कसा ठरवायचा बघ. ४, ६, ८ अशा सम संख्या घेत जायच्या, दोन प्राइमची बेरीज म्हणून लिहिता आली की दशांशात एक शून्य वाढवायचं. पहिली न जमणारी संख्या सापडली की तिथे १ लिहून थांबायचं, तिला ४ ने भाग जात असेल तर अ धन, नाहीतर ऋण. अ चे हवे तेवढे अंक काढून देते मी, चिन्ह मात्र मागू नकोस. आणि समुद्रसपाटी नक्की कुठे हे अगदी पाव किलोमीटरच्या फरकाने जरी कोणी सांगितलं तरी त्याने गोल्डबाखच्या अंदाजाबद्दल (४ पासूनची प्रत्येक सम संख्या दोन प्राइमची बेरीज असते, अजून सिद्ध नाही) काहीतरी सांगितलं असं होईल!

दुपारचा_चहा
ताई पण अ शून्य असेल नाहीतर वर नाहीतर खाली, तिन्हीपैकी काहीतरी एक असेलच ना?

सरळरेषा
हे "असेलच ना" म्हणजेच लॉ ऑफ एक्स्क्लूडेड मिडल (विधान खरं नाहीतर खोटं, तिसरं काही नाही), ब्रौवरची गाडी तिथेच अडते. तो खोटं आहे म्हणत नाही, "बिंदू आहे म्हणतोस ना, मग दाखव" एवढंच म्हणतो. बरं, प्रश्न जरा बदल. समुद्रसपाटीपासून एका मिलिमीटरच्या आत कुठे उभा राहू? हे चुटकीसरशी सांगता येतं. अ चे सहा-सात अंक काढ. सगळे शून्य असतील तर सपाटीवर कुठेही उभा राहा, नसतील तर चिन्ह कळलंच. गणितज्ञ एररॅट बिशपने १९६७ च्या पुस्तकात अख्खं ॲनालिसिस याच धाटणीत लिहून दाखवलं, कुठलाही एप्सिलॉन (हवा तेवढा छोटा फरक) द्या, तेवढ्या जवळचा बिंदू काढून देतो. सपाटी अजिबात नसेल तर नेमका बिंदूसुद्धा मिळतो. ब्रौवरने १९५२ मध्ये गोलावरच्या फिक्स्ड पॉइंट थिअरमची दुरुस्ती स्वतःच छापली, त्यातही जवळजवळ स्थिर बिंदूच. त्यामुळे "नाकारला" हा शब्द मला जरा जडच वाटतो.

परीक्षेत मात्र सरांचंच प्रूफ लिही.

गाठ_सुटेना
उशिरा आलो. होमोटॉपी एकीकडे आणि कन्स्ट्रक्टिव्ह (ताई म्हणतात तसं, प्रत्यक्ष काढून दाखवायचं) गणित दुसरीकडे असं आता राहिलेलं नाही. होमोटॉपी टाइप थिअरीत (गणिताचा नवा पाया, मशीनला तपासता येईल असा) "अ बरोबर ब" म्हणजे अ पासून ब पर्यंतची वाट. गणितज्ञ वोएवोद्स्की (फील्ड्स मेडल २००२) याच्यामागे लागला त्याला एक कारण आपल्या स्वतःच्या छापून आलेल्या प्रूफमधल्या चुका, ज्या वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. प्रिन्स्टनला त्याने आणि या विषयातल्या इतर मंडळींनी मिळून २०१३ ला पुस्तक काढलं, त्यात रियल नंबरवर वेगळं प्रकरण आहे, आणि ताईंनी लिहिलेली अडचण तिथेही येते.

मजेचा भाग पुढे. ब्रुनरीने २०१६ च्या प्रबंधात कन्स्ट्रक्टिव्ह पद्धतीने दाखवलं की अशी एक संख्या एन आहे की त्रिमितीय गोलाचा चौथा होमोटॉपी ग्रुप (चौमितीय गोल त्यावर किती वेगवेगळ्या प्रकारे गुंडाळता येतो त्याचा हिशोब) म्हणजे पूर्णांक मॉड्युलो एन (एनने भागून उरणाऱ्या बाक्या). प्रूफ कन्स्ट्रक्टिव्ह आहे म्हटल्यावर मशीनला द्यायचं आणि एन बाहेर काढायचा, सोपं! पण मशीन घुटमळत राहिलं, मेमरी संपायची, उत्तर काही येईना. एन २ आहे हे माणसांना केव्हापासून माहीत होतं, ब्रुनरीने तेही हाताने सिद्ध केलं. शेवटी २०२२ ला स्टॉकहोमच्या ल्युंगस्ट्रॉम आणि मॉर्टबर्ग यांनी व्याख्या सुटसुटीत केली, क्युबिकल आग्डामध्ये (प्रूफ तपासणारी आणि चालवणारी कॉम्प्युटरची भाषा) चालवली आणि काही सेकंदांत आलं: उणे २.

उणे का ते विचारू नका, दिशेचा मामला आहे, ग्रुपला फरक पडत नाही.

रिकामटेकडा
एवढ्या उठाठेवीनंतर २?? माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो, हे लोक म्हातारपणाची वाट बघत नाहीत.

दुपारचा_चहा
ताई, तुमचा घाट रात्री पायथॉनमध्ये टाकला, बायसेक्शन लावलं (मध्य बघायचा, रूट नसलेला अर्धा भाग टाकून द्यायचा). ० आणि ३ चा मध्य १.५, म्हणजे पहिलीच उडी सपाटीवर! गोल्डबाख ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासून झालंय म्हणे, तेव्हा माझ्या लॅपटॉपला अ म्हणजे शुद्ध ०.० च दिसणार. प्रोग्रामने छातीठोकपणे छापलं, रूट सापडला, १.५. सरांना स्क्रीनशॉट पाठवलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.