सहाशे फुटाच्या कॅफेला एवढी ड्रॉइंग्ज कशाला?

कटिंगप्रेमी:
पुण्यात ६०० फूट कार्पेटचा गाळा घेतलाय, कॅफे टाकायचाय. इंटिरियरवाल्याचं कोटेशन आलं, त्यात फर्निचर लेआउट, सीलिंग, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फ्लोअरिंग, चारी भिंतींची एलेव्हेशन्स (भिंत समोरून कशी दिसेल ते) आणि वर थ्रीडी, सगळं मिळून पंधरा-वीस शीटं. अरे गाळा आहे की विमानतळ? माझं स्पष्ट मत, एवढ्याशा जागेला एक प्लॅन पुरे, ३६ सीट बसवा, मिस्त्री चॉकने जमिनीवर आखून घेतो. साइटवर ती शीटं बघतं कोण, त्यावर डबे उघडून जेवतात. आणि थ्रीडी तर निव्वळ गिऱ्हाईक गळाला लावायला.

रेषामारू:
हेच काम करतो म्हणून बोलतो, थ्रीडीचं मान्य, बाकी नाही. आधी ३६ चा हिशोब करा. किचन १७०, काउंटर ६०, वॉश ३० गेले की उरले ३४०. वाटेसकट माणशी १४ फूट धरले तर २४ बसतात. ३६ कोंबायचे तर माणशी साडेनऊ फूट, म्हणजे मागचा उठला की पुढच्याची कॉफी सांडली. चॉकने टेबल आखतात हो, पण खुर्ची मागे सरकायला दीड फूट लागतो तो कोणी आखत नाही.
आणि खरा खर्च जमिनीवर नाहीच, वर आहे. समजा स्लॅब साडेदहा फुटावर, बीम दीड फूट खाली, म्हणजे बीमखाली राहिले ९ फूट, त्याखालून इन्सुलेशनसकट एसीच्या हवेचा फूटभर डक्ट गेला की सीलिंग आठाच्याही खाली. हे आरसीपीवर, म्हणजे सीलिंगच्या शीटवर, दिसतं तेव्हा डक्टची वाट बदलता येते, नाहीतर एसीवाला येऊन मशीन टांगून जातो, मग लाइटवाला येतो, मग पीओपीवाला, आणि शेवटी सगळे मिळून बीमला भोक पाडू का विचारतात!

गुण्या_ओळंबा:
मी कॉन्ट्रॅक्टर. धागाकर्त्याचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या शीटवर भिंती काटकोनात असतात, आमच्या साइटवर एक भिंत गुण्यात निघेल तर शपथ. गाळ्याचे कर्ण मोजा, दोन-तीन इंचाचा फरक सहज निघतो. डिझायनर बिल्डरचा प्लॅन उचलून त्यावर एमएममध्ये फर्निचर काढतो, सुतार इंच-सुतात मोजतो, आणि दहा फुटाचं कपाट नऊ फूट दहा इंचाच्या कोनाड्यात बसत नाही म्हटलं की ऐकायचं आम्हीच. स्वतः येऊन माप घेतलेली चार शीटं द्या, ऑफिसात बसून काढलेली वीस नकोत.

रेषामारू:
साइट न मोजता काढलेलं ड्रॉइंग रद्दीच, त्यात वाद नाही. पण म्हणून अंदाजपंचे काम करायचं? किचनच्या सिंकचं पाणी बारा फूट लांब न्यायचंय, १:६० उताराने जवळपास अडीच इंच, त्यात तीन इंची पाइप, म्हणजे किचनचं फ्लोअर सहा इंच वर. हे टाइल लागल्यावर कळलं तर काउंटरला पायरी येते आणि ट्रे घेऊन येणारा पोरगा रोज अडखळतो.

रॅम्पवाली:
सगळे आतच बघताय. रस्त्यावरून आत यायला किती पायऱ्या? सहा इंचाची एकच पायरी असली तरी १:१२ ने रॅम्पला ६ फूट लागतात, व्हीलचेअर वळायला १५०० एमएमचं वर्तुळ वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली सुगम्यता खाजगी धंद्यांनाही लागू आहे. माझ्या भावाला घेऊन कॅफेत जायचं म्हणजे आधी फोन करून पायऱ्या विचाराव्या लागतात, आत ३६ सीट असोत नाहीतर ६०.

कटिंगप्रेमी:
ताई, रॅम्प बाहेर फुटपाथवर टाकला तर?

रॅम्पवाली:
फुटपाथ तुमच्या कार्पेटमध्ये धरलाय का? आत घ्या, दरवाजा तेवढा मागे सरकवा. दरवाजाची पाती बाहेर उघडून लोकांच्या अंगावर येतात तेही वाचेल.

कटिंगप्रेमी:
म्हणजे अजून दोन टेबलं गेली. २४ सीटवर या एरियातलं भाडं निघत नाही हो, हे कुठल्या शीटवर येतं? वीकेंडला लोक दाटीवाटीने बसतात आणि खूश असतात, अमृततुल्यात कोण खुर्ची मागे सरकवतं?

गुण्या_ओळंबा:
अमृततुल्यात माणूस दहा मिनिटांत उठतो, तुमच्याकडे लॅपटॉप उघडून तीन तास बसणार. दाटी पाहिजे तर एका भिंतीला सलग बाकडं करा, तेवढ्या खुर्च्यांची मागची जागा वाचेल, दोन-चार माणसं वाढतील. पण मग प्लग पॉइंट बाकड्याखाली घ्यायचे, ते वायरमनला प्लास्टरच्या आधी कळायला हवं, त्यामुळे इलेक्ट्रिकलचं शीट मात्र मला लागणारच.

रेषामारू:
बाकडं करा, हरकत नाही. फक्त फर्निचर लेआउटवर सही झाल्याशिवाय इलेक्ट्रिकल काढून देणार नाही. टेबल हललं की पॉइंट हलतो, आणि चौथ्या बदलाला वेगळे पैसे.

कटिंगप्रेमी:
तिसऱ्यापर्यंत फुकट ना? मग २८ सीटचा एक लेआउट टाका, बघू.