रत्नागिरीला जाताना गुहागरचा मुक्काम
(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅटचे नंबर)

ए-२०३: नमस्कार मंडळी. डिसेंबरात मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आहे, रत्नागिरीला. पुण्याहून गाडीने जायचंय. सासूबाई, सासरे आणि आमची चिऊ सोबत. सासऱ्यांचे गुडघे धरतात, सलग सात-आठ तास बसवत नाही. वाटेत रात्रीचा मुक्काम कुठे करावा?

सी-५०१: वहिनी, कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला रत्नागिरी. दोनदा चहाला थांबा, मुक्काम कशाला?

ए-२०३: भाऊजी, मागच्या वेळी तसंच गेलो होतो. पोचल्यावर बाबा दोन दिवस झोपूनच होते. लग्नात त्यांना बसता तरी यायला हवं.

बी-३०४: मग गुहागरला थांबा गं. उंब्रजला उजवीकडे वळायचं, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. माझं माहेर चिपळूणचं, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतेय.

सी-५०१: वाट वाकडी होते ना पण?

बी-३०४: होते, नाही म्हणत नाही. पण दुसरा दिवस हलका जातो. आणि म्हाताऱ्या माणसांना समुद्र दाखवायचा तर बहुतेक ठिकाणी उतार, पायऱ्या, नाहीतर गाडी लांब लावून चालणं. गुहागरात तसं नाही. गावातून एकच मोठा रस्ता जातो, त्याला लागून घरं, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की पुळण. समुद्राच्या बाजूच्या घरात खोली घेतलीत की काका परसदारातून चालत किनाऱ्यावर. खोली तळमजल्याचीच मागून घे आणि संडास कमोडचा आहे ना, तेही फोनवरच विचार.

ए-२०३: हे फार उपयोगाचं सांगितलंत काकू 🙏 गर्दी असते का?

बी-३०४: शनिवार-रविवारी थोडी. पण किनारा एवढा लांब आहे की व्याडेश्वराच्या देवळापासून जरा पुढे गेलात तर सुरूची झाडं आणि तुम्हीच. ओहोटीला वाळू घट्ट होते, गुडघेदुखीवाल्याला चालायला बरी. भरतीला कोरड्या वाळूत पाय रुततो, तेव्हा बाबांना नेऊ नकोस. ओहोटीच्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी असते, चिऊला तिथे बसव, तासभर हलणार नाही. डिसेंबरात अंगणात पिवळ्या-केशरी सुपाऱ्या वाळत घातलेल्या असतात, चालताना त्यावर पाय नको पडू देऊस, लोकांचं वर्षाचं उत्पन्न असतं ते.

ए-१०१: व्याडेश्वर आमचं कुलदैवत! देऊळ रस्त्यालाच आहे, एसटी स्टँडजवळ. मुख्य देवळाच्या चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. सकाळी लवकर जा, गाभाऱ्यात शांतपणे बसायला मिळतं. गावातल्याच वरचा पाट भागातली दुर्गादेवीही चुकवू नका.

डी-४०२: जेवणाचं काय? आमच्याकडे मासे लागतात 🐟

बी-३०४: निघायच्या आधीच घरमालकांना सांगून ठेवायचं. कोण काय खाणार, किती पानं. बऱ्याच घरी शाकाहारीच असतं, उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, सोलकढी. मासे हवे असतील तर तसं घर बघायचं. बाजार लवकर मिटतो, रात्री उशिरा पोचून "काहीतरी मिळेल" म्हणून चालत नाही. उजेडी पोचा. समुद्र पश्चिमेला, सूर्यास्त समोरच.

सी-५०१: दुसऱ्या दिवशी परत चिपळूणला येऊन हायवे?

बी-३०४: नाही हो. किनाऱ्याने पालशेत, हेदवी आणि तवसाळ. तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे, गाडीसकट शास्त्री नदीची खाडी ओलांडायची. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. बोटीच्या वेळा आदल्या रात्री घरमालकांनाच विचारा. ती सुटली की पुढची येईपर्यंत धक्क्यावर थांबावं लागतं.

ए-१०१: हेदवीचा दहा हातांचा गणपती वाटेतच. तिथल्या किनाऱ्यावरची बामणघळ, म्हणजे खडकातली अरुंद कपार, मात्र भरतीला लांबूनच बघा. कपारीत पाणी जोरात उसळतं, मुलीचा हात सोडू नका.

सी-५०१: बोट चिऊला आवडेल. वहिनी, माझं मत बदललं. फक्त कुंभार्ली घाट अंधारात नको, सकाळी लवकर निघा.

ए-२०३: ह्यांना दाखवलं सगळं. बाबा म्हणतात, लग्नाहून येतानाही तिकडूनच येऊ 😄 काकू, तुमच्या ओळखीचं घर असेल तर नंबर पर्सनलवर टाकाल?

बी-३०४: टाकते. त्या घरच्या वहिनींना माझं नाव सांग आणि तळमजल्याचं पहिल्याच वाक्यात बोल.