जंगलातला कर्ब साठतो की साचतो?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करतोय. हवेतून जंगलावर येणाऱ्या नत्रामुळे (नायट्रोजनमुळे) कर्बाच्या (कार्बनच्या) साठ्याचं काय होतं, असा विषय आहे. मी 'नत्रनिक्षेप' लिहिलं, पण निक्षेप म्हणजे ठेव, आणि ही ठेव कुणी मागितलेली नाही. शिवाय हवेत ७८ टक्के नत्रच असताना 'नत्रप्रदूषण' वाचून लोक हसतील.

प्रतिसाद : 'क्रियाशील नत्र' लिहा, कुणी हसणार नाही. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते थेट वापरता येत नाहीत. प्रदूषण आहे ते अमोनियाचं (शेणमूत, खतं) आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं (इंजिनं, वीजकेंद्रं). निक्षेपाऐवजी 'नत्रपात' करा, हिमपातासारखा.

प्रतिसाद : पात म्हटलं की पाऊसच डोळ्यांपुढे येतो. यातलं बरंचसं कोरडंच पानांवर बसतं. 'हवेतून उतरणारा नत्र' म्हणा की सरळ!

प्रतिसाद : मला खरी गोची 'साठ्या'त दिसते. आपण धान्य साठवतो, पण कचरा साचतो. साठवण्यामागे हेतू असतो. साचतं ते निचरा तुंबला म्हणून. जंगलात दोन्ही घडतं. नत्राची चणचण असलेलं झाड थोडा नत्र मिळताच जोमानं वाढतं आणि खोडात कर्ब साठतो. मातीत मात्र जास्तीच्या नत्रानं बुरशी मंदावते, लाकडातलं चिवट लिग्निन फोडणारी तर विशेष. पालापाचोळा कुजायचा राहतो, म्हणून कर्ब साचतो. अमेरिकेत हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८पासून काही तुकड्यांना दरवर्षी हेक्टरी ५० किंवा १५० किलो नत्र देऊन पाहिलं. रुंदपानी झाडांच्या भागात खोडात आणि मातीत, दोन्हीकडे कर्ब वाढला. पाइनच्या भागात मोठ्या मात्रेखाली बरीच झाडं मेली. 'नत्र म्हणजे खत, खत म्हणजे वाढ' हे समीकरण तिथे कोलमडतं. 'नत्र, स्फुरद, पालाश' ऐकून ऐकून आपल्या कानाला नत्र हा शब्दच पौष्टिक वाटतो!

प्रश्नकर्ता : हे आवडलं. म्हणजे एकूण आकड्याला 'साठा', मातीच्या परिच्छेदात 'साचलेला कर्ब'. 'सेंद्रिय कर्ब' शेतीवाल्यांचा आहे तसाच ठेवतो. 'नत्रसंपृक्तता' चालेल का? जंगलाला आणखी नत्र पेलवत नाही, ती अवस्था.

प्रतिसाद : रसायनशास्त्राच्या पुस्तकात चालेल. तिथे संपृक्त द्रावण निवांत बसून असतं, जंगल तसं बसत नाही. वाढीव नत्र नायट्रेट होऊन ओढ्यात जातो, जाताना मातीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून नेतो, माती आंबट होते. थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत परततो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. मी 'नत्र उतू जातो' लिहीन. 'ओसंडतो' नको, ओसंडतो तो आनंद.