दाव्हिदच्या चित्राला ‘अपप्रचार’ म्हणावं का?

बोरूबहाद्दर: नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच कलेवरचा लेख मराठीत आणतोय. दर परिच्छेदात ‘प्रोपगंडा’ आहे. संपादकांचा आग्रह ‘अपप्रचार’ वापरा असा, कारण ‘प्रचार’ म्हटलं की रिक्षावरचा भोंगा आठवतो म्हणे. पण ‘चित्रकार दाव्हिदचं नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं चित्र म्हणजे अपप्रचार’ हे वाक्य कानाला खटकतं. जाणकारांनी सांगावं.

खडूस वाचक: खटकणारच. अपप्रचार कुणाच्या तरी विरुद्ध किंवा कशाबद्दल तरी वाईट पसरवायला होतो: लसीबद्दल अपप्रचार, विरोधी उमेदवाराबद्दल अपप्रचार. दाव्हिदचं चित्र कुणाची बदनामी करत नाही, नेपोलियनला चढवतं. खोटं त्यातही आहेच. 2 डिसेंबर 1804 ला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये अभिषेक झाला, तेव्हा नेपोलियनची आई घरच्या भांडणापायी आलीच नव्हती. चित्रात मात्र ती मधोमध सज्जात विराजमान! पोप सातवे पायस आधी हात मांडीवर ठेवून बसलेले रेखाटले होते. नेपोलियनच्या सांगण्यावरून त्यांचा हात आशीर्वादासाठी वर गेला.

माजघर: मग सरळ ‘भाटगिरी’ म्हणा की. आपल्याकडे शब्दांचा काय तोटा? उदोउदो, टिमकी, डंका…

खडूस वाचक: भाटगिरी ही एका माणसाची वृत्ती झाली. (आणि दाव्हिद काही जन्माचा भाट नव्हे. फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईला मृत्युदंड द्यावा म्हणून मत देणारा हा क्रांतिकारक, पुढे सम्राटाचा ‘पहिला चित्रकार’ झाला.) लेखातल्या ‘प्रोपगंडा’त सगळी यंत्रणा येते. जानेवारी 1800 च्या एका हुकमाने पॅरिसमधली 73 राजकीय वृत्तपत्रं 13 वर आली, 1811 पर्यंत चारच उरली. 1807 मध्ये शहरात आठ नाट्यगृहं ठेवून बाकीची बंद केली. 1810 मध्ये छापखान्यांवर संख्येची मर्यादा आली, आणि त्याच वर्षी लेखिका मादाम द स्ताल यांच्या जर्मनीवरच्या पुस्तकाच्या छापील प्रती लगद्यात घातल्या. 1806 च्या धर्मप्रश्नोत्तरीत तर मुलांकडून घोकून घेत की सम्राटावर प्रेम, त्याची आज्ञा पाळणं, कर भरणं आणि सैन्यात जाणं ही ख्रिश्चनाची कर्तव्यं आहेत. याला ‘टिमकी’ म्हणून कसं भागेल? मी ‘सरकारी प्रचारयंत्रणा’ म्हणेन. चित्रापुरतं बोलायचं तर ‘राजप्रचार’; शब्द घडवलेला आहे, पण कळतो.

माजघर: ‘राजप्रचार’ पाठ्यपुस्तकी वाटतो. पण चालेल.

टाकसाळ: ‘प्रोपगंडा’ हा शब्दच ठेवा, असं माझं मत. 1622 साली रोममध्ये धर्मप्रसारासाठी पोपने जी संस्था काढली, तिच्या लॅटिन नावातला हा शब्द. मराठीशी तिची जुनी ओळख आहे: पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं मराठीचं एक व्याकरण 1778 मध्ये याच संस्थेच्या रोममधल्या छापखान्यात छापलं गेलं. मुंबईच्या कॅथलिकांमध्ये ‘पद्रोआदो’वाले (पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा हक्क मानणारे) आणि ‘प्रोपगंडा’वाले (रोमच्या या संस्थेला मानणारे) असा वाद कित्येक पिढ्या चालला, तिथे हा शब्द शिवीसारखा नव्हता. आणि गंमत म्हणजे 1798 मध्ये इजिप्तवर निघताना नेपोलियनने अरबी जाहीरनामे छापायला टाइप नेले, ते रोममधल्या याच प्रोपगंडाच्या छापखान्यातून उचललेले! आजचा अर्थ मात्र तेव्हा रुळायचा होता.

बोरूबहाद्दर: हे झकास. पण लेखात चित्रकार ग्रोचं, पॅलेस्टाइनमधल्या याफा शहराचं चित्रही आहे. प्लेगच्या रुग्णाच्या गाठीला नेपोलियन उघड्या हाताने स्पर्श करतोय ते. तिथेही राजप्रचारच?

खडूस वाचक: तिथे तुमच्या संपादकांचा शब्द कामाला येतो, फक्त उलट्या बाजूने. 1799 मध्ये याफाहून माघार घेताना नेपोलियनने स्वतःच्याच प्लेगग्रस्त सैनिकांना विष देववलं, असं इंग्रज लिहीत होते. फ्रेंचांच्या दृष्टीने हा ‘अपप्रचार’. 1804 चं ग्रोचं चित्र हे त्याला दिलेलं उत्तर, म्हणजे ‘प्रतिप्रचार’. पण जपून: ‘अपप्रचार’ लिहिलंत की आरोप खोटा होता असा निकालही तुम्ही देऊन टाकता, आणि विषाच्या गोष्टीत तथ्य किती यावर इतिहासकारांचं एकमत नाही. म्हणून ‘इंग्रजांचा प्रचार’ एवढंच लिहा. ‘प्रचारकी’ मात्र या चित्राला लावू नका. तो शेरा कलेच्या दर्जावर जातो, आणि अंगावर येणारं ते चित्र दर्जात कुठेच कमी नाही.

माजघर: आणि ‘बुलेटिन’? माझ्या वाचनात ‘बुलेटिनसारखा खोटारडा’ असं आलं होतं.

टाकसाळ: हो, फ्रेंचमध्ये तशी म्हणच पडली होती. मोहिमेवरून ‘ग्रांद आर्मे’ची, म्हणजे नेपोलियनच्या सैन्याची पत्रकं (बुलेटिन) निघायची, सरकारी वृत्तपत्र ‘मोनितर’मध्ये छापून यायची. त्यात शत्रूचे मेलेले वाढवून आणि आपले कमी करून सांगायचे. रशियातून परतताना काढलेल्या 29 व्या पत्रकात सैन्याची दैना बरीचशी कबूल केली, आणि शेवटी काय, तर महाराजांची प्रकृती यापेक्षा उत्तम कधीच नव्हती! मराठीत ‘लोणकढी थाप’ आहे, पण तिला सरकारी शिक्का नसतो. ‘बुलेटिनसारखा’ तसंच ठेवा, वाचकाला कळेल.

बोरूबहाद्दर: तर मग: यंत्रणेसाठी ‘प्रचारयंत्रणा’, दाव्हिदसाठी ‘राजप्रचार’, ग्रोसाठी ‘प्रतिप्रचार’, आणि पहिल्या उल्लेखात ‘प्रोपगंडा’ एकदाच, टाकसाळ यांच्या माहितीसह. संपादक ‘राजप्रचार’ कापतील अशी शंका आहे.

माजघर: कापू द्या. ‘दरबारी प्रचार’ पाठवा मग, तो त्यांना जुना वाटेल.