खच्ची घोडा आणि घोडी एकाच रानात: सोडायचं की नाही?

गिरणारेकर
गिरणाऱ्याच्या पुढे आम्ही काही जणांनी मिळून एक माळ भाड्याने घेतलाय. जनावरं दिवसभर तिथे मोकळी: चार माद्या, तीन खच्ची (अंडं काढलेले घोडे). त्या तिघांत एक रेसमधून निवृत्त होऊन आलेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) आहे. त्याने दोन माद्या स्वतःच्या करून टाकल्यात. मान जमिनीलगत ताणतो, कान मागे पाडतो आणि त्यांना कोपऱ्यात हाकत नेतो. दुसरा खच्ची जवळ फिरकला की दुगाण्या. परवा माझी काठेवाडी घोडी आणायला गेलो, तर हा आमच्या दोघांच्या मध्ये आडवा. माझं मत सरळ आहे: माद्यांचं रान वेगळं, खच्च्यांचं वेगळं, मधे कुंपण. बाकीचे म्हणतात, खच्ची केलाय ना, मग काय बिघडतंय!

पागेवाला, मखमलाबाद
नाही पटलं दादा. एकाच्या खोडीपायी उरलेल्या दोघांना का हाकलताय? आमच्याकडे माद्या आणि खच्ची कायम एकत्र चरतात. भांडणं होतात ती जागेवरून आणि चाऱ्यावरून. तुम्हीच लिहिलंय की कोपऱ्यात हाकतो. अडकलेल्या मादीने सुटायचं कुठून? बांबू आडवे बांधून कोपरे बुजवा. पाण्याचा हौद कुंपणाला चिकटून असेल तर मधे आणा. कडब्याचे ढीग जनावरांपेक्षा एक-दोन जास्त ठेवा आणि लांब लांब टाका. सगळ्यांच्या मागच्या पायांचे नाल काढा, लाथ लागली तरी हाड मोडायची भीती कमी. एवढं करून बघा, मग कुंपणाचं बोला.

घोड्यांचा डॉक्टर
"खच्ची केलाय ना" यावर थोडं लिहितो. शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन लगेच उतरतं, सवयी मात्र उतरतीलच असं नाही. कॅलिफोर्नियात यावर एक अभ्यास झाला होता, 1985 साली छापून आला. त्यात खच्ची केलेल्यांपैकी 20 ते 30 टक्के घोडे नरासारखे वागताना आढळले, आणि वयात येण्याआधी खच्ची केलेले त्याला अपवाद नव्हते. म्हणजे "उशिरा कापला म्हणून असा झाला" हे नेहमी खरं नसतं. "कापताना थोडं राहून गेलं" हेही सईसमंडळींचं (घोडे सांभाळणाऱ्यांचं) लाडकं निदान. अंडावरची नळी मागे राहिली तरी तिच्यातून टेस्टोस्टेरॉन तयार होत नाही. एक अख्खं अंड पोटात राहून गेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तो घोडा खच्ची नाहीच. त्यासाठी रक्ताची तपासणी आहे. एएमएच नावाचं संप्रेरक सापडलं तर अंड आत आहे असं समजायचं. या थरोब्रेडची ती तपासणी आधी करा, वाद नंतर घाला.

गिरणारेकर
डॉक्टर, तो चढतोसुद्धा. गाभ राहण्याचा धोका आहे का?

घोड्यांचा डॉक्टर
दोन्ही अंडं निघाली असतील आणि शस्त्रक्रिया जुनी असेल तर नाही. नुकत्याच खच्ची केलेल्याच्या नळ्यांत मात्र वीर्य शिल्लक असतं, म्हणून त्याला काही आठवडे माद्यांपासून लांबच ठेवतात. पण चढण्याने मादीला आतून जखम होऊ शकते, संसर्ग होतो. गाभ राहत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका.

येवलेकर
हे सगळे मोकळं सोडण्याचे चोचले. आमच्या येवल्याच्या घोडेबाजारात या, अंडील (खच्ची न केलेले) घोडे आणि घोड्या एका ओळीत उभ्या दिसतील. आगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) नीट बांधली की कोण कुणाला हाकतो ते बघू. आणि मुळात घोडा खच्ची करायचाच कशाला? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्या, खच्चीला कोण विचारतो?

सातपूरची ताई
काका, बाजारात चार दिवस बांधणं वेगळं आणि वर्षभर बांधणं वेगळं. सतत उभ्या घोड्याचे पाय सुजतात, पोटशूळ होतो, शिवाय लाकूड चावायची खोड लागते ती वेगळीच. आणि आमच्याकडे मुलं घोडेस्वारी शिकायला येतात, त्यांना अंडील घोडा देऊ का?

मला खटकतं ते दुसरंच. सगळे घोड्याबद्दल बोलताय, मादीचं काय? साधारण 21 दिवसांचं चक्र, त्यात पाच ते सात दिवस माज. त्या दिवसांत मादी आपणहून खच्चीच्या पुढे जाऊन उभी राहते, शेपटी वर करते, थोडं थोडं मुतते. मग हा चेकाळला की दोष फक्त त्याचा? थंडीत माज थांबतो असं जे वाचायला मिळतं, ते थंडीत दिवस फार लहान होतात त्या मुलखातलं, कारण माज दिवसाच्या लांबीवर चालतो. नाशिकला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक. इथे डिसेंबरातही लक्ष ठेवावं लागतं. प्रत्येक मादीच्या माजाच्या तारखा भिंतीवर लिहा आणि तेवढे दिवस तिला बाजूच्या तुकड्यात घ्या. कायमची फाळणी नको.

दिंडोरीचा बागायतदार
माझ्याकडे घोडा नाही, पण शेजारच्या रानात आहेत, म्हणून लिहितो. मधे कुंपण घातलं की हाच थरोब्रेड दिवसभर कुंपणालगत येरझाऱ्या घालणार, खिंकाळणार, आणि एक दिवस उडी मारून द्राक्षबागेत. फेब्रुवारीत तयार मालात घोडा शिरला तर नुकसान कोण भरणार?

गिरणारेकर
म्हणून तर मजबूत कुंपण म्हणतोय. काटेरी तार नकोच, घोड्याचं कातडं सोलून निघतं. दोन पदरी कुंपण, मधे माणूस चालेल एवढी मोकळी जागा, वरच्या पट्टीला झटका मशीन (विजेचा हलका झटका देणारं). दिसेल अशी पांढरी रुंद पट्टी. ताई, तारखा लिहून माज कळेल, पण माझ्या तक्रारीचं काय? मी मादी काढायला गेलो की तो अंगावर येतो. त्या वेळी तिला माज नव्हता.

तोच थरोब्रेडवाला
तो घोडा माझा. नाव न घेता एवढं लिहिलंत, तर माझंही ऐका. तुम्ही चंदीची (दाण्याची) बादली हातात घेऊन कळपात शिरता, म्हणून तो येतो. बादली फाटकाबाहेर ठेवा. दुसरं, तुमची काठेवाडी माझ्या घोड्याच्या मानेला चावलेली आहे, फोटो आहे. रक्त तपासायला तयार आहे, खर्च मी करतो. पण तपासणीत काही निघालं नाही, तर त्याला एकट्याला वेगळं बांधायचं मी मान्य करणार नाही. एकटा ठेवला तर तो खात नाही.

पागेवाला, मखमलाबाद
एकटा कशाला, उरलेले दोन खच्ची त्याच्या सोबत द्या की.

गिरणारेकर
म्हणजे माझंच म्हणणं झालं.

पागेवाला, मखमलाबाद
अजिबात नाही. तुम्ही कायमचं म्हणताय, मी म्हणतोय अहवाल येईपर्यंत. आणि तोवर मादी काढायची असेल तर आधी त्या थरोब्रेडला मोहरकी (तोंडाची दोरी) घालून दुसऱ्या माणसाने बाहेर धरायचं. एकट्याने आत शिरायचं नाही, बादली असो वा नसो.

सातपूरची ताई
झटका मशीनला बॅटरीची पेटी उंचावर लावा, आमच्या शिंगराने पहिल्याच आठवड्यात वायर चावली होती.